वस्तूला कुलूप, माणसाला वाट : किरणोत्सर्गी द्रव्यांचा बंदोबस्त आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याचा मार्ग

दाराचे दोन धर्म

दाराकडून मनुष्य दोन कामांची अपेक्षा करतो. नको असलेल्याला त्याने आत येऊ देऊ नये, हे एक. आणि आत असलेल्याला संकटसमयी त्याने विनाविलंब बाहेर जाऊ द्यावे, हे दुसरे. घरात ही दोन्ही कामे एकच दार करते आणि त्यांत सहसा विरोध येत नाही. परंतु ज्या खोलीत एखादे मौल्यवान अथवा घातक द्रव्य ठेवलेले असते आणि त्याच खोलीत माणसेही काम करीत असतात, तेथे हे दोन धर्म एकमेकांच्या आड येऊ लागतात. द्रव्याची काळजी वाहणारा अधिकारी म्हणतो, दारे कमी असावीत आणि जी असतील ती कुलूपबंद असावीत. आगीची काळजी वाहणारा अधिकारी म्हणतो, दारे पुरेशी असावीत आणि त्यांतील एकालाही आतून कुलूप नसावे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, दोघांच्याही पाठीशी नियम आहेत, आणि दोघांच्याही नियमांमागे माणसांचे प्राण गेल्याचा इतिहास आहे.

किरणोत्सर्गी द्रव्ये वापरणाऱ्या प्रयोगशाळेत हा प्रश्न सर्वात तीव्र होतो. म्हणून त्या प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊन प्रस्तुत पाठात त्याचा विचार करावयाचा आहे. मात्र जे उत्तर हाती येईल, ते शाळेच्या रसायनखोलीला, ग्रंथालयाला आणि औषधांच्या कोठारालाही लागू पडेल.

कावेरीच्या काठचा धडा

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर जिल्हा मराठी वाचकांना परका नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत नांदले, आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आजही आहे. तंजावर शहराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर तिरुवैयारु हे गाव आहे. या नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान असा होतो. संगीतकार त्यागराज यांची समाधी येथे आहे. पुष्य बहुल पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी गायक-वादक व श्रोते मोठ्या संख्येने येथे जमतात आणि नदीकाठच्या मांडवात दाटीवाटीने बसतात.

मांडव, गर्दी आणि बाहेर पडण्याची वाट यांचा संबंध किती जिव्हाळ्याचा आहे, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. ७ जून १९९७ रोजी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात धार्मिक समारंभाच्या वेळी मांडवाला आग लागली आणि चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. पुढे १६ जुलै २००४ रोजी याच जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे एका शाळेच्या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर झावळ्यांचे छप्पर होते आणि खाली उतरण्याची वाट अरुंद होती. त्या दिवशी ९४ मुले दगावली.

कुंभकोणम् च्या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. तिच्यावर १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देताना न्यायालयाने असे स्पष्ट केले की, बालकाचा शिक्षणाचा हक्क हा सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्कही आहे. आणि राष्ट्रीय इमारत संहितेतील अग्निसुरक्षेच्या तरतुदी शाळांनी पाळाव्यात, असा आदेश दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आग लागल्यावर माणसाचे प्राण वाचतात की नाही, हे बहुधा पहिल्या काही मिनिटांत ठरते. आणि त्या मिनिटांत अग्निशामक दलाचा बंब नव्हे, तर इमारतीतील वाट हाच खरा त्राता असतो.

मग प्रयोगशाळेची वाट कोणी बंद का करावी? त्याचे कारण समजण्यासाठी कुलपाची बाजूही तितक्याच सहानुभूतीने ऐकली पाहिजे.

कुलूप कशासाठी?

किरणोत्सर्गी द्रव्ये संशोधनात, उद्योगात आणि रोगोपचारात नित्य वापरली जातात. कर्करोगावरील उपचारांत कोबाल्ट-६० चे प्रारण उपयोगी पडते. लोखंडी नळांचे जोड निर्दोष आहेत की नाहीत, हे इरिडियम-१९२ च्या साहाय्याने तपासता येते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ सारखे समस्थानिक अत्यल्प प्रमाणात वापरून पेशींतील रासायनिक घडामोडींचा माग काढता येतो. या द्रव्यांची अर्धायुष्येही भिन्न आहेत. फॉस्फरस-३२ चे सुमारे १४ दिवस, इरिडियम-१९२ चे सुमारे ७४ दिवस, कोबाल्ट-६० चे ५.२७ वर्षे, तर सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे.

ही द्रव्ये योग्य जागी असेपर्यंत उपकारक असतात. जागा सोडून अज्ञ माणसाच्या हाती पडली म्हणजे ती जीवघेणी ठरतात. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून उपचारयंत्राचा किरणोत्सर्गी भाग दोघांनी भंगार म्हणून उचलून नेला. त्यात सीझियम-१३७ चे क्लोराइड होते आणि त्याची तीव्रता ५०.९ टेराबेकेरेल होती. कवच फोडल्यावर आतील निळसर चकाकी पाहून लोकांनी ते चूर्ण कुतूहलाने हाताळले, अंगाला लावले, आप्तांना वाटले. चार जणांचा मृत्यू झाला, २४९ जण दूषित झाल्याचे आढळले आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली.

भारतातही असा प्रसंग घडला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापरात नसलेले, कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले. तेथे ते तोडण्यात आले. काही कामगार गंभीर आजारी पडले आणि एप्रिल २०१० मध्ये त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

या दोन्ही प्रसंगांत कोणा घातपात्याचा हात नव्हता. अनास्था आणि अज्ञान एवढी दोनच कारणे पुरेशी ठरली. ज्याचा हेतूच दुष्ट आहे, अशा माणसाच्या हाती असे द्रव्य पडले तर काय होईल, या चिंतेने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने किरणोत्सर्गी स्रोतांचे पाच वर्ग पाडले आहेत. वर्ग ठरविण्याची रीत साधी आहे. प्रत्येक समस्थानिकासाठी धोक्याची एक मर्यादा निश्चित केलेली आहे : कोबाल्ट-६० साठी ०.०३ आणि सीझियम-१३७ साठी ०.१ टेराबेकेरेल. स्रोताच्या तीव्रतेला या मर्यादेने भागावे. भागाकार १,००० किंवा त्याहून अधिक आला तर पहिला वर्ग, १० ते १,००० मध्ये आला तर दुसरा, १ ते १० मध्ये आला तर तिसरा, आणि त्याहून कमी असता चौथा व पाचवा. गोइयानियाच्या स्रोताचे गणित केले तर ५०.९ भागिले ०.१ म्हणजे ५०९ येतात. अर्थात या गुणोत्तरानुसार तो दुसऱ्या वर्गात पडतो. वर्ग जितका वरचा, तितका बंदोबस्त कडक.

भारतात १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००४ साली प्रारण संरक्षणाचे नियम करण्यात आले आणि २०११ साली मंडळाने स्रोतांच्या बंदोबस्तासंबंधी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. येणेप्रमाणे कुलपाची बाजू केवळ संशयी स्वभावाची नसून अनुभवाची आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

कुलपाने घेतलेले बळी

आता दुसरी बाजू पाहू. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड या गावी व्हिक्टोरिया हॉल नावाच्या सभागृहात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. कार्यक्रमाच्या शेवटी रंगमंचावरून बक्षिसे वाटली जात आहेत असे कळताच सज्जातील मुले जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार आतल्या बाजूस उघडणारे होते, आणि तिकिटे तपासण्याच्या सोयीसाठी एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते अडसराने पक्के केलेले होते. पुढची मुले फटीशी अडली, मागची त्यांच्यावर कोसळली, आणि १८३ मुले गुदमरून मेली. येथे आग नव्हती, धूर नव्हता; होती ती केवळ तिकिटांच्या बंदोबस्तासाठी अडविलेली वाट. या दुर्घटनेनंतर तेथील रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी, अंगाने नुसते रेटताच उघडेल अशा दांडीच्या कडीची रचना केली आणि १८९२ मध्ये तिचे एकस्व मिळविले. आज चित्रपटगृहांच्या दारांवर दिसणारा आडवा दांडा हा त्याच कल्पनेचा विस्तार होय.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल कंपनीच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरून नेऊ नये आणि सर्वांनी एकाच दाराने, झडती देऊन बाहेर पडावे, हा त्यामागील हेतू होता. त्या आगीत १४६ जण मृत्युमुखी पडले. मरणाऱ्यांत तरुण स्त्रियाच बहुसंख्य होत्या.

या घटनांचे पडसाद जगभरच्या कायद्यांत उमटले. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या मूळ ३८ व्या कलमात असे म्हटले होते की, खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर जाण्याचे दार आतून सहज व तत्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये, आणि सरकते दार नसल्यास ते बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या व २०१६ साली सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही हेच तत्त्व आहे : बाहेर जाण्याचे दार आतल्या माणसाला किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. दाराची रुंदी निदान १,००० मिलिमीटर व उंची निदान २,००० मिलिमीटर असावी, आणि घातक द्रव्यांच्या इमारतीत कोणत्याही जागेपासून बाहेर जाण्याच्या वाटेपर्यंतचे अंतर २२.५ मीटरांहून अधिक नसावे, अशा मर्यादा ही संहिता घालून देते.

प्रयोगशाळेतील आग

किरणोत्सर्गी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत लोकांचे सारे लक्ष किरणोत्सर्गाकडे लागलेले असते. परंतु तेथील आग बहुधा सामान्य कारणांनीच लागते. ईथर, ॲसिटोन, अल्कोहोल यांसारखी झटकन पेटणारी द्रावके, तापविण्याची उपकरणे आणि विजेच्या तारा प्रत्येक रसायनशाळेत असतात. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एका रसायन प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. त्या ठिकाणी किरणोत्सर्गी द्रव्य नव्हते, असे तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आले. अणुसंशोधनाच्या आवारातही आगीचा धोका हा आगीचाच असतो, हा त्यातील बोध आहे.

शिवाय आग आणि किरणोत्सर्ग यांचा परस्परसंबंधही समजून घेतला पाहिजे. प्रारण अडविण्यासाठी शिशाची जाड भांडी वापरतात. परंतु शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, आणि पेटलेल्या खोलीचे तापमान त्याच्या दुपटीहूनही अधिक होऊ शकते. म्हणजे ज्या कवचाच्या भरवशावर माणूस निर्धास्त असतो, ते कवच आगीत टिकेलच असे नाही. म्हणूनच तीव्र स्रोतांची ने-आण करण्याच्या पेट्यांची परीक्षा घेताना त्या ८०० अंशांच्या आगीत ३० मिनिटे ठेवल्या जातात, आणि तेवढे सोसूनही कवच शाबूत राहावे लागते. यावरून असे दिसते की, आगीपासून संरक्षण हे द्रव्याच्या बंदोबस्ताचेही अंग आहे. इमारत जळाली तर कुलूपही जळते.

प्रारणापासून बचावाचे तीन उपाय शाळकरी मुलांनाही सांगितले जातात : संपर्काचा काळ कमी करणे, अंतर वाढविणे आणि मध्ये आडोसा ठेवणे. बिंदुवत् स्रोतापासून अंतर पाचपट झाले तर प्रारणाची तीव्रता पंचविसाव्या हिश्शावर येते. आता विचार करावा : आग लागली असता दार उघडून दूर निघून जाणारा माणूस काय करतो? तो काळ कमी करतो आणि अंतर वाढवितो. याउलट कुलपामागे अडकलेला माणूस आगीच्या जवळ राहतो आणि वितळणाऱ्या कवचाच्याही जवळ राहतो. तेव्हा मोकळी वाट ही केवळ अग्निसुरक्षेचीच नव्हे, तर प्रारणसुरक्षेचीही मागणी आहे. या दोन शास्त्रांत मुळात भांडण नाही. भांडण आहे ते केवळ कुलपाच्या जागेवरून.

कुलपाची जागा

एखाद्या प्राचीन देवालयाची कल्पना करावी. उत्सवाच्या दिवशी त्याची महाद्वारे सताड उघडी असतात आणि लोकांचा प्रवाह अखंड येत-जात असतो. तरीही देवाचे दागिने सुरक्षित असतात, कारण ते आतील भक्कम खोलीत, निराळ्या कुलपात असतात. दागिन्यांच्या रक्षणासाठी महाद्वाराला कुलूप घालून भाविकांना आत कोंडावे, असे कोणी म्हणणार नाही. जुन्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयातही तसेच असावे : दुर्मीळ पोथीचे कपाट बंद, वाचनकक्षाची वाट खुली.

प्रयोगशाळेलाही हेच लागू आहे. कुलूप वस्तूजवळ असावे. माणसाच्या वाटेवर नसावे. बंदोबस्ताचे शास्त्र या विचाराला अनुकूल आहे, कारण त्याचे तीन आधार मानले जातात : शोध, विलंब आणि प्रतिसाद. कोणी अनधिकृत हात लावल्याचे तत्काळ कळणे म्हणजे शोध. त्याला द्रव्यापर्यंत पोहोचण्यास व ते हलविण्यास वेळ लागेल असे अडथळे म्हणजे विलंब. आणि पहारेकरी किंवा पोलीस तेथे येणे म्हणजे प्रतिसाद. समजा, सूचना मिळाल्यापासून पहारेकरी येण्यास पाच मिनिटे लागतात. तर सूचना वाजल्यानंतरचे अडथळे ओलांडण्यास चोराला पाच मिनिटांहून अधिक काळ लागला पाहिजे. हा विलंब पोलादी तिजोरीने, जमिनीला घट्ट बसविलेल्या पेटीने, साखळदंडाने आणि जाड भिंतीने साधता येतो. बाहेर जाण्याच्या दाराने तो साधण्याची गरज नाही. ज्याने द्रव्यच हस्तगत केले, त्याला शेवटच्या दाराशी अडविण्याची योजना ही मुळात उशिराची योजना होय.

यास्तव सुविचारित प्रयोगशाळेत दारांची कामे वाटून दिलेली असतात. आत येण्याचे दार एक असते. ते बाहेरून बंद असते, ओळख पटल्यावर उघडते आणि येणाऱ्याची नोंद ठेवते. पण आतून ते मूठ फिरविताच उघडते. संकटकालीन दाराला बाहेरच्या बाजूस मूठच नसते, म्हणून त्यातून कोणी आत येऊ शकत नाही; आतल्या बाजूस मात्र रेटण्याचा दांडा असतो. ते उघडताच घंटा वाजते आणि पहाऱ्याच्या खोलीत सूचना जाते. अशा रीतीने माणसाची वाट क्षणभरही अडत नाही. मात्र दार उघडले हे लपून राहत नाही.

विजेवर चालणाऱ्या कुलपांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. वीज गेली असता काही कुलपे आपोआप उघडतात, तर काही बंदच राहतात. माणसाच्या वाटेवरील दार वीज असो वा नसो, आतून उघडलेच पाहिजे. स्रोताची तिजोरी मात्र वीज गेली तरी बंदच राहिली पाहिजे. आगीत वीज सर्वप्रथम जाते, हे लक्षात घेऊन दोन्ही ठिकाणी निरनिराळी कुलपे योजावी लागतात. आणि तिजोरी जर माणूस आत शिरू शकेल एवढी मोठी खोली असेल, तर शीतगृहाप्रमाणे तिलाही आतून उघडणारी मूठ असणे अत्यावश्यक आहे.

लासलगावचा दाखला

हे तत्त्व कागदावरच राहिलेले नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० च्या प्रारणाने कांद्यांना मोड येणे रोखावे, हा त्याचा मूळ उद्देश होता. २००७ साली भारतातून अमेरिकेस गेलेल्या आंब्यांवर येथेच प्रक्रिया झाली होती.

अशा विकिरण केंद्रांच्या रचनेचे सर्वमान्य तत्त्व पुढीलप्रमाणे आहे. जाड काँक्रीटच्या खोलीत स्रोत असतो आणि काम नसताना तो कवचाखालील सुरक्षित जागी विसावलेला असतो. खोली रिकामी असल्याची खात्री करून दार बंद केल्यावाचून स्रोत वर येऊ शकत नाही. चुकून कोणी आत राहिलाच तर त्याला ओढण्यासाठी भिंतीवर दोरी किंवा कळ असते. ती ओढताच स्रोत पुन्हा कवचाखाली जातो. दार बाहेरून उघडता येत नाही. परंतु आत अडकलेल्याला बाहेर पडण्याची सोय सदैव असलीच पाहिजे, अशी अट असते. जेथे काही मिनिटांचा मुक्कामही प्राणघातक ठरेल, तेथेसुद्धा रचनाकारांनी माणसाला कोंडलेले नाही. उलट त्याच्या सुटकेशी स्रोताची सुरक्षितता बांधून टाकली आहे. मग साध्या प्रयोगशाळेने मागच्या दाराला साखळी घालण्याचे समर्थन कसे करावे?

घंटा वाजल्यावर

उत्तम दार हे निम्मेच काम करते. उरलेले निम्मे माणसांच्या सवयीने होते. घंटा वाजली असता हातातील द्रव्याचे काय करावे, हा प्रश्न ऐनवेळी सोडविता येत नाही. नियम असा असावा : एका हालचालीत, काही क्षणांत भांडे झाकता किंवा तिजोरी लोटता येत असेल तर ते करावे, अन्यथा सर्व सोडून बाहेर पडावे. लोटताच आपोआप बंद होणारी तिजोरी असेल तर हा नियम पाळणे सोपे जाते. द्रव्यासाठी कोणीही परत आत जाऊ नये.

कपड्यांवर किरणोत्सर्गी द्रव्य सांडले असण्याची शक्यता असली तरी प्राणरक्षण आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही मान्य आहे. एरवी बाहेर पडताना हातापायांची तपासणी करण्याचा जो नेम असतो, तो आगीच्या वेळी दारात न पाळता बाहेरच्या एकत्र येण्याच्या जागी पाळावा. तेथे तीन कामे व्हावीत : माणसांची मोजणी, दूषिततेची तपासणी आणि त्या जागेवर पहारा. पहाऱ्याचे कारण असे की, खोटी घंटा वाजवून गोंधळात द्रव्य लांबविण्याचा प्रयत्न होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून दारे बंद करू नयेत. आवाराच्या फाटकावर प्रारण मोजणारी यंत्रे ठेवावीत, आणि इमारत पुन्हा उघडल्यावर काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक स्रोताची नोंदवहीशी पडताळणी करावी.

अग्निशामक दलाला कोणत्या खोलीत कोणते द्रव्य किती आहे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे. हे काम विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याचे आहे. गुप्ततेच्या नावाखाली ही माहिती दलापासून दडविली तर जवान एकतर नको तेथे शिरतील किंवा भीतीने शिरणारच नाहीत; दोन्ही गोष्टी घातक आहेत. माहिती सर्वांसाठी खुली असण्याची आवश्यकता नाही. पण ज्याला आगीत शिरावयाचे आहे त्याला ती मिळालीच पाहिजे.

उरलेली अडचण

इतके सर्व केल्यावरही अडचण पूर्णपणे संपते असे नाही. जुन्या इमारतींत दुसरे दार काढण्यास जागा नसते. पक्क्या तिजोरीला आणि सूचनायंत्रणेला खर्च येतो. साखळी व कुलूप मात्र अगदी स्वस्तात मिळते. घंटा वारंवार विनाकारण वाजू लागली की लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग एके दिवशी कोणीतरी संकटकालीन दाराला साखळी घालून तो त्रासच मिटवितो. संध्याकाळी पहारेकरी निघताना मागचे दार बंद करतो. परंतु वरच्या मजल्यावर एखादा विद्यार्थी अजून प्रयोग करीत बसलेला आहे, हे त्याला ठाऊक नसते.

अशा वेळी तडजोड कोठे करावी, याचा निर्णय स्पष्ट असला पाहिजे. ज्या खोलीतून माणसाला मोकळी वाट देता येत नाही, त्या खोलीत वरच्या वर्गाचा स्रोत ठेवू नये. द्रव्य दुसऱ्या जागी हलविता येते, त्याचे प्रमाण कमी करता येते, आणि पुष्कळदा त्याऐवजी क्ष-किरण यंत्रासारखे, वीज बंद करताच प्रारण थांबणारे साधन वापरता येते. निरुपयोगी झालेला स्रोत विनाविलंब अधिकृत मार्गाने परत करता येतो; मायापुरीचा धडा तोच आहे. द्रव्याच्या बाबतीत असे अनेक पर्याय आहेत. आगीत अडकलेल्या माणसाच्या बाबतीत एकच आहे, आणि तो म्हणजे दार.

स्वाध्याय

१. एका प्रयोगशाळेत ०.६ टेराबेकेरेल तीव्रतेचा कोबाल्ट-६० चा स्रोत आहे. पाठात दिलेल्या रीतीने तो कोणत्या वर्गात पडतो ते काढा. १०.५४ वर्षांनंतर त्याची तीव्रता किती उरेल, आणि त्या वेळी त्याचा वर्ग बदलेल काय?

२. संडरलंड व न्यूयॉर्क येथील दुर्घटनांत दार बंद ठेवण्यामागील हेतू कोणता होता? माणसांची वाट न अडविता तोच हेतू कसा साधता आला असता?

३. वीज गेल्यावर उघडणारे आणि बंद राहणारे अशी दोन कुलपे दिली असता, प्रयोगशाळेत ती कोठे कोठे बसवाल? कारणे द्या.

४. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेचा व ग्रंथालयाचा आराखडा काढा. प्रत्येक दार कोणत्या बाजूस उघडते, त्याची रुंदी किती आहे, आणि शाळा भरलेली असताना त्याला कुलूप असते काय, याची नोंद करा. कुलूपबंद दार आढळल्यास ते कोणत्या वस्तूच्या रक्षणासाठी बंद आहे याचा शोध घ्या, आणि त्या वस्तूसाठी निराळे कपाट सुचविणारे पत्र शिक्षकांच्या मार्गदर्शनाने मुख्याध्यापकांना लिहा.